टाका

तो बाणेरहून आला. गाडी लावायला जागा शोधत
वीस मिनिटं फिरला, आणि बसता बसता म्हणाला,
"काका, तुम्ही तिथे नसाल, तर तुम्ही नाहीच."
मी शुक्रवार पेठेत, स्टुलावर, बत्तीस वर्षं.
दातांत मेणाचा दोरा, मांडीवर कुणाची तरी सुटकेस.
मान हलवली.

नाव ऋत्विज. मुलगा नम्र,
चहा बशीत ओतून प्यायला, म्हणून ऐकून घेतलं:
रोज एक टाका. सगळीकडे टाका.
फुकट असतं हो, फक्त टाकत राहा.

आमच्या धंद्यात टाका म्हणजे सुईचा.
एक चुकला की अख्खी बाजू उसवते.

फुकट काय होतं ते सांगतो:
धाकट्या सुनेच्या, गार्गीच्या, संध्याकाळी.
निवडायची मेथी तशीच ठेवून ती माझ्या बोटांवर फोन धरायची.
"पुन्हा करा बाबा. जरा हसून करा."
चेन हसून दुरुस्त होत नाही.
रनरचं तोंड पकडीनं किंचित आवळायचं असतं
आणि माझे ओठ त्याच्याबरोबर आवळले जातात.

दीड हजारात पाच हजार माणसं मिळाली.
नावं होती, चेहरे नव्हते. एकाकडेही बॅग नसावी.
मी आपला गर्दी होणार म्हणून
शेजारच्या अत्तारांकडून दोन खुर्च्या आणून ठेवल्या.
त्यांवर मांजर बसलं.

मग एक चाललं. अडकलेल्या चेनवर मेणबत्ती घासतानाचं.
नऊ लाख लोकांनी बघितलं.
ब्राझीलहून कुणी बदाम पाठवला,
गुवाहाटीच्या मुलीनं टाळ्या.
कुंट्यांनी भर रस्त्यात हात जोडले, "आता काय बुवा तुम्ही!"
आणि त्या महिन्यात गिऱ्हाईक कमी झालं.
का, ते मंडईत कळलं.
मेथीवाली म्हणाली, "तुमचं बघून घरीच केलं की!
मेणबत्ती देवापाशी होतीच."
बरोबर आहे. मीच शिकवलं.

ऋत्विज म्हणाला, "रीच बघा काका, रीच."
म्हटलं, पोचलं खरं. आलं कोण?
तो पहिल्यांदाच गप्प बसला,
आणि मला तो आवडायला लागला.

खातं बंदच करणार होतो.
हे सगळं थोतांड, असा माझाही एक समज होताच.
रात्री पावणेअकराला, झोप येईना म्हणून,
त्या नऊ लाखांच्या खालचं वाचत बसलो, चष्मा पुसून पुसून.
बदाम, बदाम, शिवी, लोन हवंय का, बदाम,
आणि मध्येच एक ओळ:
"यांची किटबॅग आहे. चेन मधोमध गेली. मेणबत्तीनं होईल का?"

तीन आठवडे ती ओळ तिथे उभी होती.
दुकानात कुणी तीन मिनिटं असं उभं राहिलं असतं
तर मला लाज वाटली असती.
एका बोटानं लिहिलं:
"नाही होणार. ओढू नका. घेऊन या."
मग पत्ता. आमच्या बोळाचा पत्ता लिहिता लिहिता
साडेअकरा वाजले.

वानवडीहून रिक्षानं आल्या, कुमुदिनी शितोळे.
मेणबत्ती आठवत होती अंधूक, माझा चेहरा नाही.
"ओढू नका म्हणालात ना," एवढंच म्हणाल्या.

खाकी बॅग, पितळी दात. असे आता येत नाहीत.
वडिलांच्या डब्यात तळाशी एक रनर निघाला,
चिंचेनं घासला, बसवला, उसवलेली पट्टी शिवून घेतली.
दोन्ही बाजू सर्रकन एकमेकींत शिरल्या.
गार्गीनं फोन उचलला.
बाई म्हणाल्या, "नको गं. आत त्यांचं सामान आहे."
तिनं फोन उलटा ठेवला आणि त्यांना पाणी दिलं.
खुर्चीवरून मांजर उठवलं.

रात्री ऋत्विजचा निरोप:
काका, आज काहीच टाकलं नाहीत?

टाकले की, मी कळवलं. अकरा.
सगळे खाकी दोऱ्याचे.